‘सूर धरत असे’

आमच्या शाळेचा दर महिन्याला एक कागद निघायचा. अंक म्हणावा इतका तो जाड नव्हता. एकच पान, पाठपोट छापलेलं, वर मोठ्या अक्षरांत ‘शाळेची खबर’, आणि खाली वक्तृत्वात कोण पहिलं आलं, कोणत्या वर्गाची सहल रामटेकला जाणार, कोणत्या बाईंना मुलगा झाला, नळाखाली डबे धुऊ नयेत, असा सगळा मजकूर. तो सायक्लोस्टाइल मशीनवर निघे. त्यासाठी आधी स्टेन्सिल लिहावी लागे, म्हणजे मेणाच्या निळसर कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं अक्षरं कोरावी लागत. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नसे आणि जास्त झाला तर ‘ठ’ आणि ‘ढ’ यांची पोटं फाटून खाली पडत. नववीपासून हे काम माझ्याकडे होतं. माझे वडील पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. दिवसभर ते कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे पातळ कागदावर गिरवायचे, आणि घरी ते मला रागावले असतील तर फक्त अक्षरावरून. त्यामुळे माझं अक्षर छापल्यासारखं होतं आणि मला त्याचा इतका ताठा होता की आज आठवलं तरी हसू येतं. शाळेत काय होणार हे सगळ्या पोरींच्या आधी मला ठाऊक असायचं, आणि मधल्या सुट्टीत त्या मागे लागल्या की मी काही न बोलता नखातलं मेण काढत बसायची.

त्या वर्षी कागदाची मागची बाजू गावंडे सरांनी मागून घेतली. गावंडे सर आमचे ड्रिलचे सर. सावनेरकडचे, बुटके, गळ्यात कायम शिट्टी, आणि पौषातल्या थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्यांचं म्हणणं असं की मुलं शाळेत तासभर हलतात, पण घरी आई-बाप बसलेले दिसले की तीही बसतात; तेव्हा खरी कवायत घरच्यांची घ्यायला पाहिजे. सदराला त्यांनी नाव दिलं ‘हलते घर’. आमच्या मराठीच्या परांजपे बाई या कागदाचा मजकूर तपासायच्या. त्या म्हणाल्या, हे नाव वाचून लोकांना भूकंप आठवेल. सरांनी ऐकलं नाही. जेवल्यावर शतपावली घाला, दूध आणायला सायकल नेऊ नका, रविवारी सगळं घर मिळून अंबाझरी तलावापर्यंत पायी जा, असल्या सूचना ते दर महिन्याला द्यायचे. पानाच्या तळाशी एक पट्टी असे, ती कापून, भरून, पालकांची सही घेऊन परत आणायची. पट्ट्या यायच्याही भरपूर. इतवारीतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं व्यायामाच्या जागी लिहिलं होतं, ‘दुकानात गिऱ्हाईक आले की उठणे, गेले की बसणे.’ एका आजीबाईंनी नातीकडून लिहवून घेतलं होतं, ‘सुनेच्या मागे फिरणे.’ आणि एका गृहस्थांनी कळवलं होतं की आम्ही घर हलविलेले नाही, पत्ता पूर्वीचाच आहे. सर हे सगळं जसंच्या तसं छापायला लावायचे. मशीनचं हॅण्डल तेच फिरवायचे, अर्धे कागद उजव्या हातानं आणि अर्धे डाव्या हातानं, म्हणजे दोन्ही दंडांना सारखं काम.

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. थोरली बहीण लग्न होऊन भंडाऱ्याला गेली होती, म्हणून घरात आम्ही तिघंच. गिरणीचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत आईचा सडा टाकून झालेला असे. नळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याला पाणी येण्याआधी खरखर असा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकून शेजारच्या बाया उठत, तोवर आईची पहिली घागर भरलेली असे. ती पारशिवनीजवळच्या खेड्यातली, शेतकरी घरची, चौथी शिकलेली. उंच, हाडापेरानं मजबूत, नेसायची नऊवारी लुगडं. बाजारात जाताना ती इतकी पुढे निघून जायची की वडील मागून हाक मारायचे, “अवं, हळू चाल न! कोणी मागं लागलं काय तुह्या?” थंडीच्या दिवसांत रविवारी ती गोळाभात करायची. भात शिजत आला की त्यात बेसनाचे तिखट गोळे सोडायचे, झाकण ठेवायचं, आणि ताट वाढलं की हिंग-मिरचीचं कडकडीत तेल पळीनं वरून घालायचं. तो चर्र आवाज झाल्याशिवाय आम्ही कुणी पहिला घास घेत नसू. मला तो भात जिवापाड आवडायचा. पण उरलेला डब्यात देते म्हटलं की मी नको म्हणायची, कारण माझ्या वर्गातल्या पोरी डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी आणायच्या, आणि शाळेतली मी ही घरातल्या माझ्यापेक्षा जरा वेगळी मुलगी होते. घरी मी ‘मले, तुले’ बोलायची. शाळेच्या फाटकातून आत गेलं की ‘मला, तुला’ सुरू. इतक्या वर्षांत शाळेत एकदाही माझ्या तोंडून ‘ले’ निसटला नव्हता. आता माझा नातू मला म्हणतो, “आजी, वऱ्हाडी बोलून दाखव ना,” आणि मोबाइलवर माझा आवाज धरून मित्रांना पाठवतो. त्याला त्यात गंमत वाटते. मला तेव्हा वाटली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

एका महिन्यात सरांनी पट्टीवर तीन प्रश्न घातले. घरातली मोठी माणसं सध्या कोणता व्यायाम करतात, लहानपणी कोणता खेळ खेळत, आणि तिसरा, अन्य कला अथवा छंद. तिसरा प्रश्न परांजपे बाईंनी घालायला लावला होता, नुसत्या उठाबशांनी माणूस घडत नाही म्हणून. संध्याकाळी आई सांबार निवडत बसली होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मी पट्टी घेऊन तिच्यासमोर बसले. वडिलांचं आधीच लिहून झालं होतं, सायकल आणि कॅरम.

“आई, लहानपणी तू कोणता खेळ खेळत होती?”

“काहून? आता हे बी पाहिजे शाळेले?”

“गावंडे सरांनी सगळ्यायलेच विचारलं.”

“आट्यापाट्या,” आई म्हणाली. सांबाराची जुडी तिनं खाली ठेवली. “मी सूर धरत होती. माह्यापुढून पोट्टे बी निसटत नव्हते, पोरींचं त सोडूनच दे. एकदा आमच्या भावानं कबूल केलं होतं सगळ्या गावासमोर, का हे असली त आम्ही खेळत नाही म्हणून.”

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीवर राखेनं किंवा चुन्यानं आडव्या पट्ट्या आखतात, त्या पाट्या. एका बाजूचे गडी एकेका पाटीवर उभे राहून वाट अडवतात आणि दुसऱ्या बाजूच्यांनी त्यांना हुलकावणी देत, अंगाला हात लागू न देता सगळ्या पाट्या ओलांडायच्या. या आडव्या पाट्यांना मधोमध छेदत एक उभी पाटी जाते, ती सूरपाटी. तिथे जो उभा राहतो तो सूर. बाकीचे आपापल्या जागी, पण सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, आणि खरा खेळ तोच राखतो. म्हणजे आई जे सांगत होती ते काही लहानसहान नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण आदल्याच दिवशी मी वर्गातल्या दोन पट्ट्या पाहिल्या होत्या. एकीच्या आईनं ‘बॅडमिंटन’ लिहिलं होतं आणि दुसरीच्या आईनं ‘जलतरण’. आट्यापाट्या आमच्या गल्लीतली पोरं खेळायची, चिखलात, शिव्या देत. मी लेखणी हातात धरून थोडा वेळ बसले आणि आईच्या खेळाच्या जागी एक आडवी रेघ मारली. मग खाली, कला अथवा छंद या जागी, माझ्या छापील अक्षरात लिहिलं, ‘माहेरी सूर धरत असे.’ यातला एक शब्दही खोटा नाही, असं मी स्वतःला समजावलं. वडिलांनी न वाचता सही केली.

परांजपे बाई पुण्याच्या, लग्न होऊन नागपूरला आलेल्या. त्यांनी ती पट्टी वाचली आणि त्यांना जे कळायचं तेच कळलं. तिसरा प्रश्न त्यांचा, म्हणून त्याची उत्तरं जशीच्या तशी न ठेवता त्या शुद्ध वाक्यांत लिहून देत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासलेला मजकूर स्टेन्सिलसाठी माझ्याकडे आला. त्यात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘सौ. भोयर यांना गायनाची आवड असून माहेरी त्या सुरेल गात असत.’ मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. बाई दोन खोल्या पलीकडे होत्या. उठून जायला आणि “बाई, हा सूर तो नव्हे” एवढं म्हणायला पाच मिनिटं पुरली असती. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग लेखणी टेकवली आणि कोरली. ‘सुरेल’ मधला ‘रे’ जरा जास्त दाबला गेला, त्यावर मेण बुजवायचं गुलाबी औषध लावून तो मी दुरुस्त केला. त्या दुरुस्तीकडे मी जेवढं लक्ष दिलं तेवढं त्या वाक्याकडे दिलं नाही. खरं सांगायचं तर मला ते वाक्य आवडलं होतं.

कागद घरी आला की जेवणं झाल्यावर वडील तो मोठ्यानं वाचून दाखवत. त्या दिवशी ते आमच्या नावापाशी आले, थांबले, परत वाचलं, आणि हसू लागले.

“हे कोणती सौ. भोयर वं? दुसरी बी आहे का शाळेत?”

“बाईंनी बदललं,” मी म्हणाले.

“काय लिहलं होतं तू?” आईनं विचारलं.

“सूर धरत होती, असं लिहलं होतं.”

“आट्यापाट्या नाही लिहलं?”

“जागा नव्हती.”

आईनं वडिलांच्या हातून कागद घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचला. मग मागची बाजू पाहिली. तळाशी नव्या महिन्याची पट्टी होती, तसलेच प्रश्न आणि त्यांच्यापुढे हातभर मोकळी जागा. ती पट्टी तिनं जरा वेळ पाहिली. “हाव,” ती म्हणाली, “जागा कुठी राहते एवढ्याशा कागदात.” आणि भांडी उचलून उठली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण गावंडे सरांच्या डोक्यात जानेवारीत कुटुंबदिन भरवायचं होतं, सगळ्या घरांनी मैदानावर यायचं, बापांनी मुलांबरोबर तीन पायांची शर्यत धावायची, आयांनी लिंबू-चमचा धरायचा, असा तो बेत. आणि मैदानावरच्या कार्यक्रमालाही आधी स्वागतगीत हवं असा मोठ्या बाईंचा आग्रह. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. गीत त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यांची चिठ्ठी माझ्याच हाती घरी आली, की पालकांमधूनच गायिका लाभल्याचा आनंद आहे, सौ. भोयर यांनी हे गीत म्हणावे. सोबत गीताचा कागद. चाल परांजपे बाई समजावतील, नाहीतर घरी कुणाकडून बसवून घ्यावी.

वडील म्हणाले, “नाही म्हणून कळवून देऊ. तब्येतीचं कारण सांगू.”

“नको,” आई म्हणाली. “कागदात छापलं हाय. आता नाही म्हटलं त पोरगी खोटी पडते शाळेत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “दोनच कडवे हायेत. शिकून घेईन.”

मी तिथेच उभी होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी दप्तर आवरायला लागले.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात ते गाणं चालू होतं. शेजारच्या काकूंकडे पेटी होती, दुपारी आई त्यांच्याकडे जाऊन बसायची. शाळेतून आले की अंगणातच मला ऐकू यायचं, पेटी एका बाजूनं निघालेली आणि आई दुसऱ्या. तिचा आवाज मोठा आणि जाड, एका वावरातून दुसऱ्या वावरात हाक घालायला घडलेला. तो खाली आणायला काकू सांगायच्या, मग तो इतका खाली यायचा की ती नुसती पुटपुटते आहे असं वाटे. गीतात ‘मंगल सुप्रभाती’ असं होतं, कार्यक्रम दुपारी तीनला होता, पण ते मोठ्या बाईंना कोण सांगणार. दुसऱ्या कडव्यात ‘स्वागतसुमनांजली’ असा एक शब्द होता आणि आई दरवेळी तिथे अडकायची. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, दाणे कुटताना ती तो शब्द तोडून तोडून म्हणायची. कुटण्याच्या ठोक्यावर तो बरोबर बसायचा, एरवी नाही. एकदा तिनं मला विचारलं, “निमे, सांग न वं, बरं येऊन राहिलं का?” मी म्हणाले, “येते.” त्या पंधरा दिवसांत गावंडे सर मला रोज भेटत होते. कार्यक्रमपत्रिकेची स्टेन्सिल मीच लिहिली, त्यात आईचं नाव मीच कोरलं. दरवेळी सांगायचं ठरवायची आणि दरवेळी वाटायचं, आता सांगितलं तर पट्टी कुणी भरली हे निघेल, रेघ कुणी मारली हे निघेल, आणि स्टेन्सिल जाईल. स्टेन्सिल! पासष्टी उलटल्यावर त्या मेणकागदाची किंमत मला कळते. चौदाव्या वर्षी तो कागद म्हणजे माझी सगळी पत होती.

हल्ली सुनेच्या मोबाइलवर नातवाच्या शाळेचा निरोप येतो, आज कुटुंबासह दहा हजार पावलं चाला आणि फोटो पाठवा. माझा मुलगा सोफ्यावर बसून मनगटावरचं घड्याळ हलवत राहतो, पावलं भरतात. गावंडे सर असते तर त्यांनी तेही छापायला लावलं असतं.

कुटुंबदिनाला ऊन छान होतं. मैदानावर सतरंज्या, एका बाजूला टेबलं जोडून केलेलं स्टेज, आल्यागेल्याला संत्री. सगळीकडे सालांचा वास होता. पुढच्या सतरंज्यांवर आया बसल्या होत्या, बहुतेक गोल, म्हणजे पाचवारी, पातळातल्या. आई तिचं ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसून आली होती. मी कार्यक्रमाचा कागद घेऊन स्टेजच्या पायरीशी उभी होते. परांजपे बाई पेटीवर बसल्या. आईचं नाव पुकारलं गेलं. ती वर गेली, नमस्कार केला, आणि बाईंनी सूर द्यायच्या आधीच सुरू झाली.

पहिलं कडवं तिनं एका दमात म्हटलं. पेटी मागून धावत होती, पण गाठ पडली नाही. पुढच्या रांगेत दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. माझ्या वर्गातल्या पोरी एकमेकींच्या पाठीत तोंडं खुपसून बसल्या. ‘सुप्रभाती’ला मागे कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. दुसऱ्या कडव्यात तो शब्द आला, आई अडकली, दोनदा प्रयत्न केला, आणि मग काही न सुचून तिनं पहिलं कडवंच परत धरलं. आता लोक उघड हसू लागले. परांजपे बाईंनी पेटी थांबवली. आई थांबली नाही. ती घाबरलेलीही नव्हती. समोर लांब कुठेतरी बघत, हात घट्ट मिटून, काम पुरं करायचं तसं ती गात होती. मला वाटत होतं की कुणीतरी हे थांबवावं. मग मीच माइकसमोर होते. कशी गेले ते आठवत नाही.

“थांबा,” मी म्हणाले. “आईले गाणं येत नाही. ती आट्यापाट्यात सूर धरत होती. मी आट्यापाट्या लिहलंच नाही. मले लाज वाटली.”

मग माझ्या वर्गातून कुणीतरी “मले!” असं हळूच म्हटलं आणि आधीपेक्षा मोठा हशा झाला. तो माझ्यासाठी होता. आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर शाबासकीची नव्हती.

मैदानाच्या टोकाकडून शिट्टी वाजली. गावंडे सर लिंबांची टोपली तशीच सोडून आले होते. “सूर? पाटीवरचा सूर?” ते खालूनच ओरडले. “कोण्या गावच्या वं ताई तुमी?”

“पारशिवनीकडची,” आई म्हणाली.

“मंग काय बोलनंच नाही,” सर म्हणाले, आणि त्यांनी लिंबू-चमचा रद्द केला. चुन्याची बादली मागवून स्वतः वाकून पाट्या आखल्या. आडव्या पाट्यांवर आठ-दहा आया आणि मोठ्या पोरी ढकलून उभ्या केल्या, पलीकडे सगळे बाप आणि शिक्षक. आई स्टेजवरून उतरली, पदर कमरेला खोचला आणि सूरपाटीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं पाय जरा फाकवले, हात पसरले, आणि मला माहीत नसलेली एक बाई तिथे उभी राहिली. पहिल्याच झटक्यात तिनं वडिलांना धरलं, म्हणजे पाठीवर असा हात मारला की मैदानभर आवाज झाला. तिचे पाय पाटीवरून तसूभरही बाहेर जात नव्हते. समोरचा डावीकडे झुकला की ती उजवीकडे निघालेली असायची, आणि तो उजवीकडेच यायचा. गावंडे सर तीनदा सापडले. परांजपे बाई हौसेनं उतरल्या आणि दुसऱ्या पाटीतच अडकून हसत उभ्या राहिल्या. जलतरणवाल्या काकूंना आई दम देत होती, “अवं, पायाकडे नको पाहू, छातीकडे पाह्य त्याच्या!” आणि त्या निमूटपणे ऐकत होत्या. शेवटी आईचा पाय मुरगळला, तरी डाव संपेपर्यंत ती जागेवरून हटली नाही.

स्टेन्सिल गेली नाही. पुढच्या कागदात परांजपे बाईंनी ‘मुद्रणदोषाबद्दल दिलगिरी’ असं लिहून दिलं. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले की बाई, मुद्रणदोष नाही, माझा दोष आहे. त्यांनी ‘मुद्रणदोष’ खोडून तिथे ‘लेखनदोष’ करून दिलं. ‘ले’वरून मला पोरी दहावी होईपर्यंत चिडवत होत्या. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही शुक्रवार तलावाच्या काठाकाठानं घरी निघालो. वडील सायकल हातात धरून चालत होते, आणि आईला मागे बसायला सांगून थकले होते. मी मनातून खुशीत होते. मी खरं बोलले होते, आईचं नाव झालं होतं, मोठ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. आता ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते.

“तू मधात काहून बोलली?” आई म्हणाली.

“लोक हसत होते तुह्यावर.”

“हसत होते त हसू दे. माह्यावरच हसत होते न? एक कडवं राहिलं होतं. संपलं असतं. तुह्यं नाव कुठी आलं असतं त्यात?”

“मले नाही चाललं ते.”

“पंधरा दिस त चाललं,” आई म्हणाली.

रागानं म्हणाली नाही. नळ गेला, पीठ संपलं, हे ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात म्हणाली. वडिलांनी समोर कुणी नसताना घंटी वाजवली. थोडं पुढे गेल्यावर आईनं संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली, आणि पायावर भार देववत नव्हता म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. घर येईपर्यंत तिनं तो काढला नाही, आणि मी एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.